कुठेही न गेलेली माणसं

मितालीच्या पडद्यावर अख्खा पनवेल तालुका झोपलेला असायचा आणि ती बटण दाबून त्याला उठवायची. इतकी वर्षं झाली, तरी या क्षणाची तिला सवय झाली नव्हती. नवीन पनवेलमधल्या एका इमारतीत खाली इडलीवाला आणि वर वाहतूक सल्लागारांचं ऑफिस. तिथे बसून ती माणसं कुठून निघतात, कुठे जातात, कशाने जातात, याचं मॉडेल करायची. बटण दाबलं की सेक्टरा-सेक्टरांतून रेघा निघत, स्टेशनाकडे धावत, कळंबोलीच्या लोखंड बाजाराशी जाड होत, एक्स्प्रेसवेच्या तोंडाशी गुंतून पडत. मग त्या रेघांवर धूर चढे. कुठल्या रस्त्यावर किती गाड्या, कसल्या, किती वेगाने, म्हणजे तिथल्या माणसाच्या छातीत काय जाणार, तेही ते यंत्र सांगे. लाखो जीव, प्रत्येकाची आपापली घाई, आणि सगळ्यांचं मिळून हे एवढं मोठं वाहणं! पखवाजावर पहिली थाप पडली की सगळे टाळ एकदम उठतात ना, तसा तिच्या अंगावर काटा येई. हे कोण चालवतं, असं वाटून हात आपोआप जोडावेसे वाटत.

फक्त नेऱ्याचं खोरं काही उठत नव्हतं.

डोंगराखालच्या त्या रस्त्यांवर त्यांनी थंडीभर कॅमेरे लावले होते. कॅमेरे म्हणत, दिवेलागणीला इथे गाड्यांची रीघ लागते. मोटारसायकली, रिक्षा, माणसांनी ठासून भरलेले टेम्पो. मॉडेल म्हणे, छे, अंधार पडला की इथलं कुणी उंबरठा ओलांडत नाही. बरं, मॉडेल काही मनाचं बोलत नव्हतं. टॅब घेतलेल्या मुली घरोघर जाऊन ‘काल कुठे कुठे गेला होता?’ असं विचारून आल्या होत्या, त्या उत्तरांवरच ते उभं होतं. त्यात आणखी गंमत अशी, की या आठवड्यात गर्दी एका फाट्यावर, तर पुढच्या आठवड्यात भलत्याच. जणू कुणी ती अलगद उचलून दुसरीकडे नेऊन ठेवत होतं.

“माणसं घरात आहेत आणि रस्त्यावरही आहेत,” मोजणीचं काम बघणारा अबरार म्हणाला. पनवेलच्या मोहल्ल्यातला हा पोरगा, जिभेला हाड नाही. “मिताली, ही जिनांची ट्रॅफिक आहे. एखादा मौलाना बघू, नाहीतर तुझा एखादा बुवा.”

ऑफिसचे मुख्य शैलेश सर मात्र हसले नाहीत. “कॅमेरे बिघडलेत. ती मोजणी वगळा. सोमवारी समितीला आराखडा द्यायचाय.”

“वगळली तर संध्याकाळची बस जाईल, सर.”

आराखड्यात विजेवर चालणारी एक नवी बस होती, संध्याकाळी खोऱ्यातल्या पाड्या-पाड्यांना फिरणारी. ती घालण्यासाठी मितालीने किती आर्जवं केली होती. तिची गोदूआत्या त्याच खोऱ्यात राहायची, आणि आत्याचे गुडघे टेम्पोत उभं राहून राहून पार गेले होते.

“जिथे माणूसच दिसत नाही तिथे बस कुणासाठी पळवायची?” सर म्हणाले. “आणि रिकामी बस पळवली म्हणून समितीने धारेवर धरलं, तर उत्तर देणार कोण? तूच ना?”

“एखादा गुणक लावून टाकू,” अबरार हळूच म्हणाला. “आकडे जुळतील.”

“आकडे जुळतील रे,” मिताली म्हणाली. “पण ही माणसं कोण, कुठे निघालीत, असं कुणी विचारलं तर काय तोंड दाखवू?”

त्याच शुक्रवारी दुपारी आत्याचा फोन आला. “मिताले, वरच्या पाड्यावर सप्ता हाय. आजचा बुवा लय गोड गातो. तुजा कंपूटर एक सांज उपाशी रायला तर मरत नाय. ये!”

कीर्तन म्हटल्यावर मितालीचा पाय कुठे ठरायला? संध्याकाळी ती नेऱ्याला उतरली आणि आत्याबरोबर टेम्पोत चढली. बायका खांद्याला खांदा लावून उभ्या. टेम्पो चढावर कण्हायचा आणि मागून काळा लोट आत शिरायचा. त्या लोटातल्या कणाकणाचं नाव मितालीला ठाऊक होतं, पण तो असा घशाखाली उतरवायची वेळ आजवर आली नव्हती. ती खोकत होती आणि बायका एकमेकींचे पदर ओढत हसत होत्या. “शहरात राहून नाजूक झाली बाय!” वाटेत एका खांबावर तिचाच कॅमेरा दिसला. आपण आत्ता मोजले गेलो, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि तेवढ्यात मांडव आला.

मांडव कसला, सगळं खोरंच तिथे उतरलं होतं. दहा पाड्यांची माणसं, मांडीवर पोरं, म्हातारे भिंतीला टेकलेले. वीणेकरी तल्लीन उभा. टाळकऱ्यांच्या दोन रांगा एका श्वासात झुलत होत्या. बुवांनी स्वर लावला आणि मितालीच्या डोक्यातले आकडे एकेक करून खाली बसले.

गाता गाता बुवा थांबले आणि समोरच्या बायकांना म्हणाले, “माउल्यांनो, निघताना दाराला कुलूप लावलंत ना? मग जीव कशाला आत कोंडून आलात? तो पण आणायचा होता!” मांडव खदखदून हसला.

मिताली हसता हसता थबकली. एवढी सगळी दारं बंद, आणि पाहणीत म्हणे सगळी माणसं घरात!

“आत्या,” ती कानाशी लागली, “ती टॅबवाली मुलगी आली होती ना गं? तिला काय सांगितलंस?”

“सांगितलं, कुठंच नाय गेले.”

“पण तेव्हाही कुठेतरी सप्ताह असेल की.”

“व्हता की, खालच्या पाड्यावर. आमी सगल्या गेलो.”

“मग कुठंच नाही गेलीस कशी?”

आत्याने तिच्याकडे असं पाहिलं, की पोर शिकून वाया गेली. “बाजारात गेलं, दवाखान्यात गेलं, तर ते जानं. ह्ये काय जानं हाय? कीर्तनाला कुनी जात नाय, पोरी. कीर्तनात आपन असतो. गप बस आता, बुवा बगतोय.”

मितालीने तोंड बुवांकडे वळवलं, पण मनात हिशोब जुळू लागला होता. रोज कुठे गेलात, असं लाख वेळा विचारलं तरी ही माणसं खरं तेच सांगणार होती, की आम्ही कुठेच गेलो नाही. आणि गर्दी जागा का बदलते, तेही समोरच होतं. एका गावचा काला झाला की पुढच्या गावात वीणा उभी राहते. सगळ्यांना सगळीकडे जाता यावं म्हणून गावकऱ्यांनी आपसात बोलून तारखा अशा लावलेल्या, की एकीवर दुसरी चढत नाही. थंडीभर हे असं चालतं आणि त्याला ना ऑफिस, ना आराखडा. पडद्यावर जे वाहणं बघून तिचे हात जुळायचे, त्याचा एक अख्खा ओढा तिच्या आत्याच्या घराशेजारून वाहत होता आणि तिच्या मॉडेलला तो दिसला नव्हता.

शनिवारी तिने हे ऑफिसात सांगितलं. अबरारने फोन काढला, स्पीकर लावला.

“अम्मी, ती पाहणीवाली आली होती, तेव्हा अब्बांचं काय सांगितलंत?”

“काय सांगणार? घरातून दुकान, दुकानातून घर.”

“आणि नमाजला जातात ते?”

“मशिदीत जाणं हे काय कुठे जाणं झालं, बेटा? जेवलास का?”

अबरारने फोन ठेवला आणि मान हलवली. “जिन आपल्याच घरात निघाला.”

मितालीने मॉडेलमध्ये प्रवासाचं एक नवं कारण घातलं. काम, शिक्षण, बाजार यांच्या ओळीत देवाचं बोलावणं. आत्याला विचारून सप्ताहांच्या तारखा घातल्या. मग बटण दाबलं. डोंगराखालचा काळोख क्षणभर तसाच राहिला, आणि मग एकेका पाड्यातून बारीक रेघा निघाल्या, एकमेकींना मिळाल्या, वरच्या पाड्याकडे चढल्या. कॅमेऱ्याचे आकडे आणि मॉडेलचे आकडे शेजारी शेजारी येऊन बसले.

“छान आहे,” सर म्हणाले, “पण हे तू माहीत असलेल्या उत्तरावर बेतलंस असं समिती म्हणेल.”

“मग पुढचं उत्तर विचारा, सर. उद्यापासून मोहवाडीला सप्ताह बसतोय. तिथल्या फाट्यावर आपण कधीच कॅमेरा लावला नाही. मॉडेल म्हणतंय, गर्दी तिथे येणार. नाही आली तर बस मी माझ्या हाताने कापते.”

बोलून गेली खरी, पण रविवारी संध्याकाळी त्या फाट्यावर तिघं उभी राहिली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. रस्ता सुनसान. एक म्हैस आली, रवंथ करत गेली.

“एक,” अबरारने मोजणीचं यंत्र दाबल्यासारखं केलं. सर हसले नाहीत. मितालीने मनातल्या मनात देवाला म्हटलं, मला खरं ठरवू नकोस हवं तर, पण आत्याचे गुडघे बघ.

डोंगराच्या कडेला एक दिवा लुकलुकला. मग त्याच्यामागे दुसरा. पलीकडच्या वळणावर आणखी तीन. बघता बघता खोऱ्याच्या चारी अंगांनी दिवे उतरू लागले, हलत, थांबत, एकमेकांना वाट देत, आणि सगळे या फाट्याकडे वळत. कुणी घंटा वाजवली नव्हती, कुणी हाक मारली नव्हती. काल पडद्यावर ज्या रेघा तिने पाहिल्या, त्याच आता इंजिनांच्या घरघरीसह, बायकांच्या हसण्यासह समोरून येत होत्या. अबरारचा अंगठा यंत्रावर चालत होता आणि ओठ काहीतरी पुटपुटत होते. सर रस्त्याच्या अगदी कडेला जाऊन उभे राहिले होते. धूर त्यांच्या तोंडावर येत होता, तरी हलत नव्हते.

एक टेम्पो कचकन थांबला. आतून आत्याचा आवाज आला, “अगं मिताले! हितं रस्त्यात काय करतंस? चल की! सायबांना पन घे, जागा हाय.”

जागा तर तीळभरही नव्हती. सरांनी आत डोकावून पाहिलं. आत्या एका हाताने वरचा गज आणि दुसऱ्या हाताने गुडघा धरून उभी होती.

“मावशी,” त्यांनी विचारलं, “कीर्तन सुटतं किती वाजता? परतीच्या बसची वेळ लावायला हवी.”

सगळा टेम्पो हसला. “ते बुवाच्या गल्यावर हाय, सायेब,” आत्या म्हणाली. “आज लवकर, उंद्या उशीर.”

टेम्पो धूर सोडत पुढे गेला. मागे पुढचा आला, त्याच्यामागे आणखी. लांब मांडवातून पखवाज ऐकू येऊ लागला.

“सर,” मितालीने विचारलं, “आराखड्यात बसची वेळ काय लिहू?”

शैलेश सर अजून दिव्यांकडेच बघत होते. “लिही,” ते म्हणाले, “परतीची गाडी कीर्तन सुटल्यावर.”