बाक नसलेला जलमंडप

मी एक जुना जलमंडप आहे. माझ्या झऱ्याच्या पाण्याने सम्राटांचे पोटशूळ शमले आणि मरणाच्या दारातली माणसं नाचत घरी गेली, असं माझ्या दर्शनी कमानीवर सोनेरी अक्षरांत कोरलेलं आहे. ही अक्षरं माझं उद्घाटन होण्याच्या तीन आठवडे आधी कोरली गेली. तोवर माझं पाणी फक्त गवंड्यांनी प्यायलं होतं आणि त्यांना हगवण लागली होती.

मित्रांनो, जलमंडप म्हणजे पाणपोई नव्हे. पाणपोईवर माणूस तहान लागली म्हणून पितो. माझ्याकडे तो डॉक्टरने लिहून दिलं म्हणून पितो. तहान असलीच तर ती पहिल्या घोटाला मरते, कारण माझ्या पाण्याला गंजलेला खिळा आणि उकडलेलं अंडं यांची मिळून एक चव आहे. ती घालवायला लोक दारातून हेझलनटची गोल, पातळ वेफर घेतात. कित्येक जण तर वेफरसाठीच येत. मी ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

माझा जन्म १८७१ सालचा. लुहोव गावात या झऱ्यावर आधी लाकडी छपरी होती. ती पाडून पेल्झ नावाच्या वास्तुविशारदाने मला उभं केलं. दोन रांगांत चौसष्ट दगडी खांब, प्रत्येकाच्या माथ्यावर वेगळी वनस्पती कोरलेली, वर लोखंडी कमानींत बसवलेली काच आणि मधोमध संगमरवरी कुंड. सकाळी काचेतून ऊन उतरलं की कुंडातली वाफ पिवळी दिसायची. मी देखणा होतो. हे मी सांगत नाही, त्या वेळची चित्रं सांगतात.

पेल्झने नकाशात ओकच्या लाकडाचे बारा बाकही काढले होते. पण समितीवर गावचे मोठे वैद्य डॉक्टर क्रोनवेटर होते. त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि बाराच्या बारा बाकांवर काट मारली. "बसलेल्या माणसाच्या पोटात पाणीही बसतं," असं ते म्हणाले. तेव्हापासून नियम झाला: एक पेला, दोन फेऱ्या, घोट लहान, पाय चालते. पेलाही तसाच. त्याचा कान पोकळ असतो आणि त्या कानातूनच पाणी ओढायचं. घाई करता येत नाही, बसता येत नाही. वाद्यवृंद वाजत असे आणि बायाबापड्या, सरदार, शिंपी, सगळे कानाला तोंड लावून माझ्यात गोल गोल फिरत असत. तशी रांग कुठल्या दरबारातही लागत असेल असं मला वाटत नाही.

मग युद्धं आली. दोन्ही वेळा माझ्यात खाटा पडल्या. जखमी शिपाई कोरलेल्या पानांकडे बघत पडून राहायचे. गंमत बघा, माझ्यात झोपायला दोनदा परवानगी मिळाली, बसायला एकदाही नाही. पुढे कारखान्यांतून कामगार येऊ लागले, युनियनच्या चिठ्ठीवर, तीन तीन आठवडे. ते मोठ्याने हसायचे, पाणी कुंड्यांतल्या झाडांना घालायचे आणि संध्याकाळी नाचायचे. झाडं मेली, पण माझे दिवस बरे गेले.

नंतर चिठ्ठ्या बंद झाल्या. हॉटेलांनी झऱ्याचं पाणी नळाने खोलीत नेलं. माझ्यात फेऱ्या मारणारे शंभराचे दहा झाले, दहाचे तीन. रिकाम्या मंडपात आपल्याच छपरावरून पडणारं थेंबभर पाणी केवढं मोठ्याने वाजतं, हे मला तेव्हा कळलं. गेल्या वर्षी पाणी लिहून दिलेला एकच माणूस उरला. ओताकर व्राना. वय एक्क्याऐंशी. जन्मभर काचेवर नक्षी कापली, आता पित्ताशयात खडे आणि उजव्या गुडघ्यात काहीच नाही.

आणि झरे-कार्यालयाचा नियम असा, की चिठ्ठीवर पिणारा एकही माणूस नसेल तर कुंडाचा प्रवाह वळवून हॉटेलांना द्यायचा. म्हणजे माझं पाणी आता व्रानांच्या उजव्या गुडघ्यावर उभं होतं.

पाणी भरून देण्याचं काम ब्लाझेनाबाईंकडे होतं. एकतीस वर्षं. लांब दांड्याच्या पळीने त्या पेला भरत आणि वर एक टोमणा देत.

"काय व्रानासाहेब, आज काठी घेतलीत? लग्नाला निघालात का?"

"तुमच्या पाण्यामुळे घेतली. पूर्वी खडे नुसते पोटात होते, आता गुडघ्यातही जमलेत."

"मग प्या अजून. दोन पेल्यांत अंगणाची फरसबंदी होईल."

एका सकाळी व्राना दुसऱ्या फेरीत नवव्या खांबापाशी थांबले. पेला हातात, चेहरा पांढरा. खांबाला टेकले ते पंधरा मिनिटं टेकूनच राहिले.

"ब्लाझेनाबाई," ते म्हणाले, "उद्यापासून जमायचं नाही मला."

"जमायचं नाही म्हणजे? हंगाम संपायला अजून सात आठवडे आहेत!"

"हंगामाला सांगा थोडं बसून घे म्हणावं. मला तर बसायला जागा नाही."

दुसऱ्या दिवशी ब्लाझेनाबाईंनी आपल्या बागेतल्या खोपटातून एक घडीची खुर्ची आणली. ॲल्युमिनियमची, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची, एका हातावर रंगाचे शिंतोडे. नवव्या खांबाशी मांडली. व्राना अर्धी फेरी चालायचे, बसायचे, कानातून घोट ओढायचे, उठायचे. पेला संपायला पाऊण तास लागायचा, पण संपायचा. चार दिवसांनी दोन म्हाताऱ्या बहिणी दारातून डोकावल्या. "इथे बसता येतं का हो?" एकीने विचारलं. मित्रांनो, दीडशे वर्षांत मला एवढा चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता. बहिणी म्हणाल्या, आम्हीही डॉक्टरकडून चिठ्ठी आणतो. मी पुन्हा माणसांची स्वप्नं बघू लागलो.

दहाव्या दिवशी जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा कार्यालयातून ह्लादीक आले, मॅजिस्टर ही पदवी लावणारे. सज्जन माणूस. माझ्यावर त्यांचा खरा जीव. माझे खांब ते हातमोजे घालून चाचपतात.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"खुर्ची," ब्लाझेनाबाई म्हणाल्या. "बसायची असते."

"बाई, मला दिसतंय. पण हा मंडप संरक्षित आहे. मूळ आराखड्यात इथे बसण्याची सोय नाही."

"होती की! पेल्झने बारा बाक काढलेत. नकाशा तिकडे काचेत लावलाय, जाऊन बघा. मी एकतीस वर्षं बघतेय."

"काढलेत, आणि खोडलेतही."

"ती काट डॉक्टरने मारली. पेल्झने नाही."

"पण १८७० मध्येच मारली ना?" ह्लादीक हळुवारपणे म्हणाले. "म्हणजे काटही मूळचीच. तीसुद्धा संरक्षित आहे."

खुर्चीवरून व्राना म्हणाले, "मॅजिस्टर साहेब, तुम्ही माझं वय बघून मलाच संरक्षित का करत नाही?"

"तुम्ही इमारतीला जोडलेले नाही आहात, व्रानासाहेब."

"आज सकाळपासून तरी जोडलेलाच आहे. उठता येत नाहीये."

ह्लादीकांनी त्यांना हात देऊन उठवलं. सांगितलं ना, सज्जन माणूस. बाईंनी तर पदर खोचल्यासारखा एप्रन कमरेला आवळला. "खुर्ची गेली तर हे यायचे नाहीत. हे आले नाहीत तर पाणी जाईल. पाणी गेलं तर तुमचे खांब काय चाटायचेत?"

ह्लादीक विचारात पडले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. पंधरा दिवस त्यांनी वर पत्रव्यवहार केला, आणि एके दिवशी हसतमुखाने परत आले.

"ब्लाझेनाबाई, जिंकलात! खुर्ची राहणार!"

बाईंनी त्यांना वेफर दिली. फुकट. माझ्या काचा त्या क्षणी थरथरल्या असतील तर तो वारा नव्हता.

"जलमंडपाच्या उत्तरकालीन वापराचा अस्सल पुरावा म्हणून तिची यादीत नोंद झाली आहे," ह्लादीक म्हणाले आणि पिशवीतून चार पितळी खुंट आणि लाल दोर काढला. त्यांनी स्वतःच्या हाताने खुर्चीभोवती दोर बांधला. रंगाचे शिंतोडे पुसायचे नाहीत अशी ताकीद दिली. मग पाटी लावली. बसण्यास सक्त मनाई.

व्राना आले, दोराकडे बघितलं, पाटी वाचली, आणि नवव्या खांबाला टेकून अर्धा पेला प्यायले. असे ते आणखी पाच दिवस आले. सहाव्या दिवशी त्यांच्या डॉक्टरने त्यांना बाटलीतलं पाणी लिहून दिलं, घरी, पलंगावर बसून घ्यायचं. त्या दोघी बहिणींनी दारातूनच दोर बघितला आणि वेफर घेऊन गेल्या. सप्टेंबरच्या शेवटी झरे-कार्यालयाची दोन माणसं पान्हे घेऊन आली. कुंड आता कोरडं आहे. इतकी वर्षं मला वाटायचं की कुंडातली खळखळ पाण्याची आहे. तो माझा आवाज होता.

आता लोक येतात ते वर बघत येतात. खांबांवरची पानं मोजतात, फोटो काढतात, निघून जातात. माझी निगा उत्तम आहे. वेळच्या वेळी काचा धुतात, दगड घासतात. इतका स्वच्छ आणि इतका एकटा मी कधीच नव्हतो.

मित्रांनो, जुन्या वास्तू जरूर जपा. त्यांच्या भिंतींवर नावं कोरू नका, खांबांना चुना फासू नका. पण कधीतरी आत आलेल्या माणसाला एवढंही विचारा, की बाबा, पाय दुखतात का? वास्तूला त्याने बरं वाटतं. विश्वास ठेवा, मी वास्तू आहे.

ब्लाझेनाबाईंची नोकरी मात्र गेली नाही. त्यांना खुर्चीच्या रखवालीवर नेमलं आहे, नऊ ते पाच. रखवालदाराला बसायला काही मंजूर झालेलं नाही.