भासऱ्यासमोर

भैयालालनं डॉक्टरला तोंडावर सांगितलं, "नहीं साहब, कोई सुई नहीं लगी. सीधे यहीं लाए हैं." खोटं! धडधडीत खोटं! मयुरीचा गुडघा फुगला त्या दिवसापासून त्यानंच पोरीला रोज सुई टोचली होती, आणि पोरीचे हात धरून बसली होती ती तिची आई, मंजू.

पण मंजू बोलणार कशी? भैयालाल तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. बिरसा तालुक्यातल्या त्यांच्या गावात सून भासऱ्यापुढे पदर ढळू देत नाही, त्याच्याशी बोलत नाही, त्याचं नाव तर जिभेवरही आणत नाही. काही निरोप द्यायचा तर लेकराच्या तोंडून द्यायचा. आता ते लेकरूच बालाघाटच्या दवाखान्यात तापानं फणफणून पडलं होतं. नवरा राजेंद्र भरवेलीच्या खाणीत, जमिनीखाली. त्याचा फोन काही लागेना.

भासरा वाईट म्हणावा तर तसंही नाही हो. डिग्री नाही, पण अडीअडचणीला गावाला त्याचीच सुई. मयुरीला खांद्यावर टाकून जीपपर्यंत धावत आला तोही हाच. आता मात्र पोलिसांच्या भीतीनं पार गळाठला होता. खाट सोडून हलेना. नर्सशी दोन शब्द एकटीनं बोलायची सोय ठेवली नाही मेल्यानं!

डॉक्टर पुन्हा आला. तरुण होता आणि चिडला होता. गुडघ्यातला पू तपासला, पण त्यात जंतू उगवलाच नाही म्हणाला. आधी अँटिबायोटिक अंगात गेलं असलं की असं होतं, जंतू तपासणीत सापडत नाही आणि सांध्यात मात्र जिवंत राहतो. आता औषध अंदाजानं चाललंय, ताप काही उतरत नाही. हेच औषध आधी फुकट गेलं असेल तर बदलायला हवं, नाहीतर पाय जाईल, जीवही जाईल.

"सच बताओ, पहले कुछ दिया था?"

"नहीं साहब," भैयालाल म्हणाला.

मंजूनं पदराआडून सलाइनजवळच्या शिशीवरचं नाव वाचलं. सेफ्ट्रियाक्सोन. देवा रे, हेच ते! भासरा शिशी हलवायचा तेव्हा तिनं कितीदा वाचलं होतं. सांगावं तर भासरा जेलात, घर तुटतं, गाव तोंडावर थुंकतं. न सांगावं तर पोर हातची जाते. पिंजऱ्यात सापडलेल्या उंदरासारखा तिचा जीव इकडून तिकडे धडका मारत होता.

"तुमीच सांगा ना," ती म्हणाली. भासऱ्याला हाक काय मारायची, हेही तिला ठाऊक नव्हतं. "पाया पडते तुमच्या."

भैयालालनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

मग मंजूनं पदर मागे सारला.

"डॉक्टरसाहेब, हेच औषध देल्लं हाय इले. रोज सुई देल्ली. या भैयालालनं."

 नर्सला हाका मारत डॉक्टरनं औषध बदलायला सांगितलं. भैयालाल उठला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याशी सरळ बोलला.

"आता घराची पायरी चढून दाखव."

मंजूनं मयुरीचा तापलेला हात धरला होता. पदर तिनं परत घेतला नाही.

"हौ, चढीन. पोरगी आपल्या पायानं चढली का तिच्या मागं मीबी चढीन. अन् ते नाही चढली, तं मले कोणतं घर राह्यलं?"