तांबडं रान

म्हसोबाच्या पारासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. भगवी शाल पांघरलेले कार्बन महाराज मोठ्या टीव्हीवर आमच्या गावाचं रान दाखवत होते. कुठलं पीक हवेतला कार्बन किती पितं, ते त्यांना आभाळातल्या डोळ्यातून दिसतं म्हणे! उपग्रह सरकारचा, फोटो फुकटचा, शाल तेवढी यांची.

"हे सगळ्यात तांबडं रान कुणाचं?" महाराज गरजले.

"झुंबरबाईचं की ओ!"

"याला ताप चढलाय! पिकाचा श्वास कोंडलाय. अशुभ पाऊल पडतंय, आई, अशुभ पाऊल!"

सगळ्या माना क्रांतीकडे वळल्या. ती झुंबरबाईंची सून. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून रान तीच कसते. मागच्या आठवड्यात गावातल्या अमरसिंहाचंही रान असंच तांबडं होतं. महाराजांनी लिंबू पुरून शांती केली आणि टीव्हीवर ते हिरवंगार झालं. मग शंका कुणाला येणार?

"उद्यापास्नं रानात पाय टाकायचा न्हाय," झुंबरबाई म्हणाल्या. "माहेरला जा."

"आत्याबाई, ऊस तिथं उभा हाय. जाऊन कांडं तरी बघा की!"

ऊस दोनशे पावलांवर होता. बघायला कुणी गेलं नाही. मला शिसारी आली. पस्तीस वर्षं मी याच गावात विज्ञान शिकवलं आणि टाळ्या पिटणारे निम्मे माझेच विद्यार्थी! त्याहून किळस माझी मला आली, कारण मीही गप्प बसलो होतो.

तेवढ्यात गावातल्या अण्णाप्पांची लेक रुचिता उठली. उपग्रहाच्या फोटोंवरून पीक किती कार्बन शोषतं याचा अंदाज काढायचं काम ती कोल्हापुरात करते.

"महाराज, यातलं सगळ्यात पुण्यवान रान कुठलं?"

महाराजांनी झटकन बोट ठेवलं. "हे निळसर! तांबड्याचा ठिपकाही नाही. कार्बन पिऊन तृप्त झालंय."

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"ते आमचं," रुचिता म्हणाली. "टोळीनं ऊस तोडून नेला आणि मी नको नको म्हणताना बाबांनी रानातला वाळका पाला, पाचट, पेटवलं. नुसती राख हाय तिथं. राख काय पिणार? जळलेलं सगळं हवेत गेलं."

अण्णाप्पांनी मान खाली घातली. रुचिता पुढे सांगू लागली.

"निरोगी पान डोळ्याला न दिसणारा एक प्रकाश जोरात परत फेकतं. तो दिसावा म्हणून फोटोत त्याला तांबडा रंग देतात. तांबडं जितकं जास्त, तितकं पीक जोमात. त्यावरनं, ऊन-पाऊस धरून, कार्बनचा अंदाज काढायचा. तोही अंदाजच, रानात पीक कापून, वजन करून ताडून बघावा लागतो." तिनं महाराजांच्या लॅपटॉपचं एक बटण दाबलं. सगळे रंग नेहमीचे झाले, झुंबरबाईंचं रान हिरवं झालं. "घ्या, झाली शांती. लिंबूबी लागलं न्हाय."

महाराज शाल सावरत गाडीकडे पळाले. मघाशी पाया पडणारेच दगड घेऊन मागे धावले. क्रांतीला 'चुकलं' म्हणायला मात्र एकही थांबला नाही.

"चला आत्याबाई," क्रांती म्हणाली. "कांडं हातात धरून बघा."

झुंबरबाई खालमानेनं तिच्या मागून निघाल्या. बांधावर गाठून मी क्रांतीला म्हणालो, "पोरी, माझं चुकलं."

"तवा बोलायचं हुतं, गुरुजी," ती म्हणाली आणि उसात शिरली.

उपग्रह खोटा नव्हता, फोटोही खोटा नव्हता. खोटं बोलत होता तो माणूस, आणि त्याला 'कशावरून?' एवढं विचारायला आमची जीभ उचलली नाही. तुम्ही विचारा. एखाद्या बाईला घराबाहेर काढण्याआधी विचारा.