रंगाखालचा नंबर

मी बस बोलतेय. बस म्हटलं की तुम्ही सीट शोधाल, पण माझ्या पोटात पलंग आहे, ओटा आहे, भांडी घासायला मोरीसुद्धा आहे. वय मात्र विचारू नका. त्या वयानंच माझा जीव टांगणीला लावला होता.

तरुणपणी मी कारखान्यातल्या कामगारांची ने-आण केली. माणसं चढताना भांडायची आणि बसली की घोरायची. कारखाना बंद पडला, तेव्हा एका सुतारानं मला घेतलं. सीटा उपटल्या त्या दिवशी फार रडू आलं. पण त्यानं फळ्या इतक्या मायेनं बसवल्या की मी घर कधी झाले, कळलंच नाही. बायकोला घेऊन तो खूप हिंडला. पुढे त्याचे गुडघे गेले आणि मी त्याच्या दारात गंजत उभी राहिले.

मग एक रंगारी आणि त्याची शिवणकाम करणारी बायको मला बघायला आली. घरमालकानं त्यांना खोली सोडायला सांगितली होती. बाईनं माझ्या खिडक्यांची वितीनं मापं घेतली. "कर्ज मंजूर झालं की पडदे शिवीन. आधी नाही हं," ती म्हणाली.

बँकेत गाडीच्या कर्जाच्या टेबलावर म्हणाले, फार जुनी आहे. घराच्या टेबलावर म्हणाले, हिच्याखाली जमीन कुठंय? धड गाडी ना धड घर, मी आपली अधांतरी! शेवटी एक पतसंस्था तयार झाली, पण आधी त्यांचा माणूस तपासायला येणार होता. इकडे सुतारानं सांगून टाकलं, "महिनाअखेरपर्यंत थांबतो बाबा. मग भंगारवाल्याला हो म्हणणार."

भंगार! नुसत्या शब्दानं माझी दारं खडखडली.

तपासणीच्या आदल्या दिवशी रंगारी आला आणि मला नखशिखान्त रंगवून गेला. चाकामागची लोखंडी चौकटही काळीकुळकुळीत केली. अरे, तिथं नको, मी मनात ओरडत होते. ऐकतंय कोण?

दुसऱ्या दिवशी पतसंस्थेचा माणूस आला. इंजिन ऐकून त्यानं मान डोलावली, मग चाकामागे वाकला. "चौकटीवर ठोकलेला नंबर कुठंय? तो नाही, तर कागदावरची गाडी हीच कशावरून?"

रंगाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेब, जरा बरी दिसावी म्हणून..."

"अहो, तुम्ही म्हणजे ना! दिसेल तिथं ब्रश!" बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण लगेच बाह्या सारून ती माझ्याखाली शिरली आणि चौकटीवर बोटं फिरवू लागली. "इथं हाताला लागतंय काहीतरी. पत्री आणा तुमची."

रंगाऱ्यानं पत्रीच्या पात्यानं आपलाच रंग खरवडला. एकेक आकडा वर आला. शेवटचा मात्र गंजानं अर्धा खाल्लेला. साहेबानं वर कागद धरून पेन्सिल घासली आणि डोळे बारीक केले. "आठ की तीन? वरिष्ठांना दाखवतो. कळवू."

त्यानंतर मी रोज फाटकाकडे बघत राहिले. महिन्याच्या शेवटच्या दिवशी तिथं भंगारवाल्याचा ट्रक येऊन थांबला. एवढ्यात बाई घाईघाईनं आली, एकटीच. तोंडावरून काही कळेना. ती आत चढली, पिशवीतून फुलाफुलांचं कापड काढलं आणि माझ्या खिडकीला लावून बघितलं.

सुतारानं ट्रकवाल्याला हातानंच 'जा' म्हणून सांगितलं.

तेव्हा बाबांनो, रस्त्यात पडदेवाली एक म्हातारी बस हळूहळू चढ चढताना दिसली, तर मागून हॉर्न वाजवून घाबरवू नका. हप्ते फिटेपर्यंत मला बंद पडायची सोय नाही.