सतरा तासांवरचा मामा

शुभांगीताईंचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं. लेकीच्या लग्नाचा मुहूर्त बारा चौदाचा, आणि अकरा वाजून गेले तरी मुलीच्या मामाचा पत्ता नाही. मामाशिवाय रोशनीला बोहल्यावर आणणार कोण?

हा मामा म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ आल्हाद, सॅन फ्रान्सिस्कोत राहणारा. त्याचं पालुपद ठरलेलं होतं. "ताई, साडेतेरा हजार किलोमीटर आहे. नुसत्या विमानातच सतरा तास जातात. मनात आलं की निघालो, असं नाही होत." रोशनीचे बाबा आजारी पडले तेव्हा हेच, ते गेले तेव्हाही हेच. आणि ताई तरी काय, दर वेळी त्याचीच बाजू घ्यायच्या. लोकांना नकाशा काढून दाखवायचा तेवढा बाकी ठेवला होता!

या वेळी मात्र त्याने तिकीट काढलं होतं. लग्नाच्या दिवशी पहाटे चारला मुंबईत उतरून नऊपर्यंत देवळाली कॅम्पच्या कार्यालयात हजर होतो, असं कळवलं होतं. ताईंनी त्याच्यासाठी केशरी फेटा बाजूला काढून ठेवला होता.

सव्वाअकराला एकदाचा फोन लागला.

"भिवंडीत अडकलोय गं. गाड्या हलतच नाहीयेत."

"पहाटे चारला उतरलास ना? मग इतका वेळ काय करत होतास?"

"उतरलो कालच दुपारी. ऑफिसच्या लोकांबरोबर रात्री जेवण होतं, टाळता येईना. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. म्हटलं, सकाळी निघू, चार तासांचा तर रस्ता."

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सतरा तास त्यांनी वीस वर्षं समजून घेतले होते. आणि हा माणूस चार तासांवर येऊन हॉटेलात जेवत बसला होता! काल हळद लागल्यावर रोशनी विचारत होती, "मामाचं विमान आता समुद्रावर असेल का गं?" पोरीला काय उत्तर द्यायचं आता?

त्यांनी फोन ठेवला.

बारा वाजता यज्ञेश्वर गुरुजींनी माइकवरून पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मंडपात कुजबुज सुरू झाली. ताई फेटा उचलून तडक शेवटच्या रांगेत गेल्या. तिथे गोटीराम बसला होता. पहिलीपासून दहावीपर्यंत रोशनीला रिक्षाने शाळेत नेणारा. तिचे बाबा गेले त्या दिवशी तिला शाळेतून आपल्या घरी नेऊन त्याने जेवू घातलं होतं.

"उठा, गोटीरामभाऊ. फेटा बांधा."

"ताई, मी कसा? सख्खे मामा येऊ द्या की."

"मुहूर्त टळतोय. चला."

गोटीरामने फेटा बांधला, रोशनीचा हात धरला आणि तिला अंतरपाटापाशी आणलं. ती त्याच्याकडे बघून हसली. अक्षता वेळेवर पडल्या.

आल्हाद पोचला तेव्हा दोन वाजले होते. पंगत बसली होती आणि फेटा बांधलेल्या गोटीरामला वाढपी जिलबीचा आग्रह करत होते. ते पाहून आल्हादचा चेहरा पडला.

"ताई, थोडं थांबायचं होतंस गं. सख्खा मामा आहे मी. साडेतेरा हजार किलोमीटरवरून आलोय."

"ते अंतर मला पाठ आहे," ताई म्हणाल्या. "हात धुऊन बस. जेवायला तुझ्याकडे वेळ असतो."