काटा शून्यावर बसेना

मित्रांनो, मी एक जुना दाबमापक आहे. गॅरेजमध्ये मला सगळे 'गेज' म्हणतात. तळहाताएवढी गोल तबकडी, तिच्यावर काच, आत एक काळा काटा आणि खाली रबरी नळी, एवढाच माझा पसारा.

माझ्या पोटात पितळेची एक वाकडी नळी आहे. फुंकल्यावर उलगडणारी कागदी पिपाणी तुम्ही पाहिली असेल. तेलाचा दाब आला की माझी नळीही तशीच जराशी उलगडते आणि काट्याला पुढे ढकलते. मी जिथे तयार झालो, तिथल्या एका चष्मेवाल्या बाईंनी मला तीनदा तपासलं आणि मगच खोक्यात ठेवलं. त्या खोक्यातून मी मिस्त्रींच्या हातात आलो. त्यांनी तेव्हा नुकतंच गॅरेज उघडलं होतं. मिशा काळ्याभोर होत्या आणि हात असा स्थिर, की बारीक स्क्रूसुद्धा एका झटक्यात आपल्या जागी जाई.

मित्रांनो, इंजिनात लोखंडावर लोखंड फिरतं. मधे तेलाचा पातळ थर असतो म्हणून ते टिकतं. हे तेल पंपाच्या दाबाने सगळीकडे पोचतं. दाब पडला की थर तुटतो आणि इंजिन स्वतःलाच खाऊ लागतं. अशा वेळी चालकासमोर एक लाल दिवा लागतो. पण तो दिवा खरा की खोटा, हे ठरवायला माझी गरज लागते.

मिस्त्रींची पद्धत ठरलेली होती. आधी इंजिनातली तेल मोजायची काडी काढून तेल किती आहे ते पाहायचं. मग दाब पडला की दिवा लावणारा इंजिनावरचा स्विच काढून त्या जागी मला जोडायचं. एकदा इंजिन थंड असताना, एकदा चांगलं तापल्यावर. "दिवा नुसता ओरडतो, गेज नीट सांगतो," असं ते गिऱ्हाइकांना म्हणत. लांबलांबून जुन्या गाड्या येत. माझ्या एका शब्दावर कुणाचं इंजिन खोललं जाई, तर कुणी हसत घरी जाई. मला त्याचा अभिमान होता.

वर्षं गेली. मिस्त्रींची मुलगी शिकून त्यांच्याबरोबर काम करू लागली. त्यांच्या मिशा पिकल्या. आणि एक गोष्ट झाली, जी फक्त मला ठाऊक होती. त्यांचा उजवा हात थरथरू लागला.

एकदा दुपारी मुलगी सुटे भाग आणायला गेली होती. मिस्त्री मला पुसत होते. हात थरथरला आणि मी निसटून थेट फरशीवर आपटलो. काच फुटली नाही, पण पोटात काहीतरी वाकलं. मिस्त्रींनी मला उचललं, फुंकर मारली, बोटाने काचेवर टिचकी मारली. काटा खाली आला, पण शून्यावर बसला नाही. एक रेघ वरच थांबला.

"एका रेघेचा तर प्रश्न आहे," ते पुटपुटले. "मनात वजा करीन." मग दाराकडे पाहून त्यांनी मला घाईने खोक्यात ठेवलं. मुलीला सांगितलं असतं, तर मी कसा पडलो तेही सांगावं लागलं असतं.

दोन महिने त्यांनी न विसरता वजाबाकी केली.

मग एके सकाळी सिस्टर आल्या. त्या घरोघर जाऊन रुग्णांच्या जखमा धुतात, इंजेक्शनं देतात. त्यासाठी त्यांनी एक जुनी गाडी घेतली होती. आधीच्या मालकाने तिचं तेल कधी बदललं होतं, देव जाणे.

"मिस्त्री, गाडी तापली की लाल दिवा लुकलुकतो," त्या म्हणाल्या. "टेकडीवरच्या आजींकडे मला रोज जावं लागतं. चालेल ना ही?"

"बघू की. गेज कशाला आहे?"

काडीवर तेल बरोबर होतं. इंजिन तापवून मला जोडलं. दाब जवळजवळ नव्हताच, मित्रांनो! मी जीव तोडून खाली जायला पाहत होतो, पण वाकलेली नळी मला एक रेघ वर धरून होती. तेवढ्यात फोन वाजला. मिस्त्री फोनवर बोलता बोलता माझ्याकडे पाहून सिस्टरांना म्हणाले, "दाब आहे. कमी आहे, पण चालण्याजोगा." त्या दिवशी वजा करायचं ते विसरले.

"बाबा, खालून बारीक टकटक ऐकू येतेय," मुलगी म्हणाली.

"जुनं इंजिन आहे, बोलणारच. स्विच गेलाय."

त्यांनी स्विच बदलला, नवं घट्ट तेल भरलं. घट्ट तेलाने दाब जरा वाढला, म्हणून दिवा चार दिवस गप्प राहिला. पाचव्या दिवशी पुन्हा लुकलुकला. सिस्टरांनी फोन केला, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "वायर सैल असेल. या सवडीनं."

सवड मिळालीच नाही. सातव्या दिवशी ती गाडी दुसऱ्या गाडीला दोराने बांधून गॅरेजमध्ये आली. मागोमाग सिस्टर आल्या. बूट धुळीने माखलेले, चेहरा उतरलेला.

"चढावर मोठा आवाज झाला आणि इंजिन जाम झालं," त्या म्हणाल्या. "पुढे पायी गेले. पोचायला दोन तास उशीर झाला. आजी माझी वाट बघत दारापर्यंत आल्या आणि उंबऱ्यात पडल्या. मांडीचं हाड मोडलंय. आज ऑपरेशन आहे."

मुलीने गाडीखाली शिरून तेलाचं चेंबर काढलं. तेल ओढणाऱ्या जाळीवर काळा चिखल डांबरासारखा बसला होता. बेअरिंगं खरवडून निघाली होती. मग ती हात पुसत माझ्याजवळ आली, मला उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"बाबा, हा कशालाच जोडलेला नाही. तरी काटा वर कसा?"

मिस्त्री खाली बसले. खोटं बोलायला तेव्हाही जागा होती. कारखान्यावर ढकलता आलं असतं, माझ्या वयावर ढकलता आलं असतं.

"माझ्या हातून पडला," ते म्हणाले. "दोन महिने झाले. हात थरथरतो माझा. तुला कळू नये म्हणून बोललो नाही." मग सिस्टरांकडे न बघता म्हणाले, "दिवा खरं सांगत होता, सिस्टर. मीच तुम्हाला त्याचं ऐकू दिलं नाही."

सिस्टरांचे डोळे रागाने भरून आले होते. "मला दिवा दिसत होता हो रोज," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही म्हणालात म्हणून निर्धास्त होते. आता आजींना मी काय सांगू?"

मिस्त्रींचा हात गुडघ्यावर थरथरत होता आणि तो लपवण्याचं भानही त्यांना राहिलं नव्हतं. सिस्टरांची नजर त्यावर गेली. राग गिळून त्या समोर स्टूल ओढून बसल्या.

"दोन्ही हात पुढे करा. बोटं ताठ. कधीपासून आहे हे?"

"वर्ष झालं असेल."

"वर्ष!" त्या म्हणाल्या. "माझा राग गेलेला नाही, मिस्त्री. पण उद्या सकाळी तुम्ही डॉक्टरांकडे येताय. तुमच्या मुलीलाही आणा."

मुलीने बाबांच्या खिशातला पाना काढून घेतला आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

मित्रांनो, आता नव्या गेजवर काम चालतं. सिस्टरांच्या गाडीत मिस्त्रींनी दुसरं इंजिन बसवलं; ते सांगत गेले आणि मुलीचे हात चालले. आजी काठी घेऊन चालतात, पण पूर्वीसारख्या नाही. ते दुःख माझ्या काट्याला अजून टोचतं.

म्हणून तुम्हाला एकच विनवणी. आमच्यासारखी मापं सांभाळून वापरा. आणि आम्ही कधी हातातून पडलोच, तर नुसतं पुसून खोक्यात ठेवू नका. घरातल्या कुणाला तरी त्याच दिवशी सांगा, "पडलं हो माझ्या हातून." ऐकणारा फार तर रागावेल. तेवढं सोसा.