नैसर्गिक झीज

दादाच्या गाडीवर मी बसलो तेव्हा ती खुर्चीत होती. गाडीने खुर्चीत असू नये आणि माणसाने बसण्यापूर्वी मागे बघावं, हे दोन्ही नियम मला मान्य आहेत. पण दोन्ही एकाच वेळी मोडले आणि निकाल वजनाच्या बाजूने लागला. 'कर्र' असा आवाज आला. एकाहत्तराव्या वर्षी असा आवाज आला की माणूस आधी स्वतःची कंबर चाचपतो. ती शाबूत होती. मग मी उठून पाहिलं.

वीतभर लांबीची, निळी, पत्र्याची गाडी. टप आत गेलेला, पुढची काच निखळलेली, मागचा दांडा वाकून एक चाक छताकडे बघत होतं.

"भाऊजी, काय मोडलं?" स्वयंपाकघरातून वहिनींनी विचारलं.

"काही नाही. बसलो."

"कशावर?"

वहिनी हात पुसत बाहेर आल्या, खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एवढ्या खुर्च्या आहेत घरात."

ही गाडी खेळण्याची असली तरी खेळण्यावारी नेण्यासारखी नव्हती. दादा माझा थोरला भाऊ, चार वर्षांनी मोठा. सदतीस वर्षं एका सरकारी भांडारात भांडारपाल होता. स्क्रूपासून शिडीपर्यंत कुठली वस्तू कुठल्या फळीवर आहे, हे तो डोळे मिटून सांगायचा. आता तीन वर्षं त्याचं डोकं रिकामं होत चाललं आहे, आणि तेही भांडारपालाच्या शिस्तीत: शेवटी आलेला माल आधी बाहेर. नातवंडं पहिल्या फटक्यात गेली, मग सून, मग मुलगा. वहिनी कधी असतात, कधी नसतात. मला तो 'साहेब' म्हणतो. मी आयुष्यात कुठल्याही खात्यात साहेब नव्हतो. ही बढती मला भावाच्या आजारपणामुळे मिळाली.

फक्त रोज दुपारी चारला तो ही गाडी हातात घ्यायचा. अंगठा टपावरून, मागच्या दारांवरून फिरवत पुढच्या बाजूला आणायचा. तिथे दार नव्हतं. ते मी पाच वर्षांचा असताना उपटलं होतं, आणि तेव्हापासून घरात माझं नाव उपट्या पडलं. त्या रिकाम्या जागेत अंगठा गेला की दादाचा चेहरा बदलायचा.

"उपट्या, दार कुठंय?"

"हरवलं, दादा."

"थांब. बाबा येऊ देत."

बस्स. बाबांना जाऊन चाळीस वर्षं झाली. मिनिटभराने दादा पुन्हा विचारायचा, "साहेब, चहा घेणार?" पण तेवढं एक मिनिट मी त्याचा भाऊ असायचो. तेवढ्यासाठी मी रोज दोन गल्ल्या चालून यायचो. सहासष्ट वर्षं एकच शिवी खायला इतक्या नेमाने जाणारा माणूस दुसरा नसेल.

आणि सोमवारी दादा विसरभोळ्या वृद्धांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत राहायला जाणार होता. वहिनींचे गुडघे गेलेत, दादाने दोनदा गॅस चालू ठेवला, एकदा भांडाराची किल्ली शोधायला म्हणून चौकापर्यंत गेला. मुलाने परदेशातून फोनवर सगळं ठरवलं. त्या संस्थेचं पत्र आलं होतं: सोबत आवडीची एक वस्तू आणता येईल, काच नको, धारदार कडा नकोत. मी बसलो त्यानंतर गाडीला कडाच कडा झाल्या होत्या. वहिनींनी नुसता टपावर हात ठेवला तर बोटाला रक्त आलं.

"ही नेऊ देणार नाहीत," त्या बोट तोंडात धरून म्हणाल्या.

त्यांनी गाडीबद्दल म्हटलं. मी माझ्याबद्दल ऐकलं.

शुक्रवारी सकाळी गाडी रुमालात बांधून घड्याळजीकडे नेली. घड्याळं दुरुस्तीला यायची बंद झाल्यापासून तो जुनी खेळणी नीट करतो. डोळ्याला भिंग लावून त्याने गाडी उलटसुलट केली.

"काका, अपघात कशाशी झाला?"

"माझ्याशी."

त्याने भिंगातूनच मला कमरेपासून खाली न्याहाळलं. "मग बरीच वाचली म्हणायची."

"होईल का पहिल्यासारखी?"

"कुठल्या पहिल्यासारखी? दुकानात होती तशी, की तुम्ही बसायच्या आधी होती तशी?"

"बसायच्या आधी. पुढचं एक दार नसलेली."

"दार नको?"

"नको."

घड्याळजीने भिंग काढलं. "हे बघा, पत्रा थकलाय. घडी पडली ना, तिथे तो सरळ करायला गेलं की फाटतो. टप नवा बसवावा लागेल. दांडा नवा, चाकं नवी. वर रंग दिला तर जुनं काय उरेल? बूड."

"बूड तरी उरेल."

"ते तुमचं पण उरलंय. त्याचा काय उपयोग झाला?" मग त्याला माझी दया आली असावी. त्याने काचेच्या कपाटातून एक गाडी काढून पुढे ठेवली. तीच. निळी, वीतभर, चारही दारं उघडणारी. फक्त हिला कोणी भाऊ नव्हता. "नवा टप मला हिचाच कापावा लागेल. म्हणजे एक गाडी मरणारच. कुठली, ते तुम्ही सांगा. दोन्ही घेऊन जा घरी. उद्यापर्यंत ठरवा."

दोन्ही गाड्या वहिनींच्या जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. दादा आत झोपला होता.

"ही अख्खीच देऊन टाका," वहिनी म्हणाल्या. "त्यांना काय कळतंय."

"दार आहे हिला."

"मग तोडा की. तुम्हाला सवय आहे."

त्या चेष्टेने बोलल्या, पण मला ते पटलं. माझ्या दृष्टीने तो उत्तम तोडगा होता: गाडी नवी, गुन्हा जुना. ड्रॉवरमधून पक्कड आणली. पाच वर्षांचा असताना जे काम मी उघड्या हातांनी एका झटक्यात केलं होतं, ते आता पक्कड, चष्मा आणि वहिनींचा टेकू घेऊनही होईना. बिजागरी हलेना.

"उजवं की डावं?" वहिनींनी विचारलं.

"चालकाचं."

"मग हे नाही. ते."

मी गाडी फिरवली, पक्कड लावली आणि मागून आवाज आला:

"काय चाललंय इथे?"

दादा दारात उभा होता. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, केसांवरून ओला हात फिरवलेला. त्याने टेबलाकडे पाहिलं. एक मोडकी गाडी, एक धड गाडी, आणि धड गाडीला पक्कड लावून बसलेला मी. त्याची पाठ ताठ झाली. दोन वर्षांत इतका ताठ मी त्याला पाहिला नव्हता.

"जुना नग जमा झाल्याशिवाय नवा बाहेर कसा आला?" तो म्हणाला. "निर्लेखन झालंय?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. निर्लेखन म्हणजे ही वस्तू आता कामाची राहिली नाही, असं तीन माणसांनी एकत्र बसून लिहून देणं. ते झालं की वस्तू पुस्तकातून मरते. आमच्या घरात हा शब्द इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलाय की वहिनी जुना झाडू टाकतानाही म्हणायच्या, "ह्याचं निर्लेखन करते."

"नाही झालं," मी म्हणालो.

"मग करा. कागद आणा. समितीला तीन लागतात. मी अध्यक्ष. बाई, तुम्ही सदस्य. साहेब, तुम्ही सदस्य-सचिव, लिहून घ्या."

वहिनींनी किराण्याच्या यादीची वही आणली. दादा खुर्चीवर बसला, बसण्याआधी मागे बघून. मोडकी गाडी त्याने दोन बोटांत धरली, कडांना हात न लावता. सराईत माणूस. मी लिहायला लागलो.

"नग एक. पत्र्याचा. टप दबलेला. कारण?"

"मी बसलो," मी म्हणालो.

"लिहा: हाताळणीत नुकसान. दांडा वाकलेला, तेच कारण. काच नाही, तेच." तो पुढे सरकत होता. अंगठा मागच्या दारांवरून पुढे आला. माझी पेन्सिल थांबली. मला कळत होतं की इतका जागा तो पुन्हा कधी असणार नाही. आज तो नुसतं रागावणार नव्हता. आज कदाचित पुढचंही बोलला असता.

अंगठा रिकाम्या जागेत गेला.

"पुढचं दार नाही," दादा म्हणाला. "कारण: नैसर्गिक झीज."

"दादा, झीज नाही. ते तोडलं."

"कोणी?"

"मी. उपट्याने."

"असं कुणाच्या माथी मारता येत नाही, साहेब. कोणी पाहिलं?"

"तू पाहिलंस! तू समोर होतास. तू रडलास, मग मला मारलंस, मग बाबांनी तुला मारलं."

दादाने खरंच आठवून पाहिलं. कपाळावर आठ्या घालून, कपाटात हात घालून मागची फळी चाचपावी तसं. मग त्याने मान हलवली.

"माझ्या काही लक्षात नाही. साक्षीदार नाही. उगाच कुणा गरिबाला कशाला अडकवायचं?" आणि माझ्या खांद्यावर थोपटून, समजावणीच्या सुरात, "लिहा, नैसर्गिक झीज. इतक्या वर्षांत होतेच."

मी लिहिलं. सहासष्ट वर्षं चाललेला खटला होता. त्यात निर्दोष सुटलो. जगात या एका आरोपावर मी त्याचा भाऊ होतो.

वहिनींनी सही केली. मी केली. दादाने वही जवळ ओढून दोन्ही सह्या तपासल्या आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"आमच्याच आडनावाचे दिसता."

"हो."

"कुठले?"

"इथलेच," मी म्हणालो.

"असतील लांबचे भावबंद," तो वहिनींना म्हणाला आणि कामाला लागला. निर्लेखित नग पुन्हा वापरात येऊ नये म्हणून समितीसमोर हातोडीने ठोकावा लागतो. सदस्य-सचिवाने. मी ठोकला. बूडही उरलं नाही.

"आता नवा नग. कुणाच्या नावे द्यायचा?"

"तुमच्याच," वहिनी लगबगीने म्हणाल्या. "अहो, तुमचीच गाडी आहे ती. सोमवारी न्यायचीय बरोबर."

दादा ओशाळून हसला, कुणी भलतीच सवलत देऊ केल्यासारखा. "भांडारपालाने स्वतःच्या नावे माल घ्यायचा नसतो, बाई. सदतीस वर्षं घेतला नाही." वहिनींनी पुष्कळ समजावलं. शेवटी त्यांचा आवाज चिरका झाला, तेव्हा दादाने विषय मिटवला. त्याने गाडी उचलून माझ्या हातात दिली. "ह्या साहेबांच्या नावे लावा. होतकरू वाटतात."

सोमवारी दादा संस्थेत गेला. तिथल्या बाईंनी विचारलं, आवडीची वस्तू कुठली? दादा म्हणाला, शिल्लक काही नाही, सगळं जुळतंय. बाईंनी कागदावर रेघ मारली.

मी दर गुरुवारी जातो, गाडी खिशात घालून. चार वाजता ती त्याच्या पुढ्यात ठेवतो. चालकाचं दार मी एकदा घड्याळजीकडून काढूनही आणलं. त्याने एका मिनिटात काढून दिलं आणि काही विचारलं नाही. दादा गाडीकडे बघतो, पण हात मागे घेतो.

"दुसऱ्याच्या नावावरचा नग मी हाताळत नाही."

"मी परवानगी देतो, दादा."

"लेखी आहे?"

मी लेखी नेलं. त्यावर अध्यक्षांची सही नव्हती. अध्यक्ष कोण, ते त्याला आठवेना. मी सांगितलं, तूच. तो म्हणाला, असं कुणीही सांगेल.

मग आम्ही शेजारी शेजारी बसतो. पाचला घंटा वाजते आणि तो मला दारापर्यंत सोडायला येतो, साहेबांना सोडायला यावं तसा, एक पाऊल मागे राहून.